आईवडिलांचा व्हिसा : वास्तव्य की भेट?

अमेरिकेचे नागरिकत्व मिळवलेल्या, वयाची 21 वर्षे पूर्ण केलेल्या अपत्यालाच आईवडिलांना तेथे कायमचे बोलावता येते. ग्रीनकार्डधारकाला तो अधिकार नाही. या व्हिसांना वार्षिक मर्यादा नाही, ही जमेची बाजू. मात्र पालकांच्या निर्वाहाची कायदेशीर हमी द्यावी लागते. त्यासाठी उत्पन्न साधारणतः तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान 125 टक्के हवे.

खरा पेच पुढे आहे. हा व्हिसा वास्तव्याचा आहे, भेटीचा नव्हे. पूर्वपरवानगीविना वर्षाहून अधिक काळ गोव्यातील घरी राहिल्यास ग्रीनकार्ड धोक्यात येते. उतारवयात गेलेल्यांना ‘मेडिकेअर’ हा सरकारी आरोग्यविमाही सामान्यतः सलग 5 वर्षांच्या वास्तव्यानंतरच विकत घेता येतो. म्हणूनच अर्जापूर्वी मुलांनी आईवडिलांना एवढेच विचारावे : तुम्हाला तिथे राहायचे आहे, की केवळ नातवंडांना भेटायचे आहे?