घरोघरींचे प्रश्न : भाच्याची पहिली रायफल

या सदरांत आजवर लग्नकार्याचा खर्च, मुलांचा अभ्यास, वृद्धांचें पथ्यपाणी असे प्रश्न येत गेले. या खेपेचा विषय पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें मी जाणून आहें. तथापि प्रश्न आमच्याच घरांत उभा राहिला, तेव्हां तो टाळण्यांत अर्थ नाहीं.

माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेंत टेक्सस संस्थानांत असतो. त्याचें पत्र आलें, "मामा, लक्ष्यवेध शिकण्याचें मनांत आहे. दुर्बीण बसविलेली बोल्टची रायफल घ्यावयाची आहे. जवळ १५०० डॉलर आहेत. त्यांत सर्व भागलें पाहिजे. दुकानांत गेलें कीं, मति गुंग होते. आपण शाळेंत एन. सी. सी. च्या मुलांना रायफल शिकविलीत, तेव्हां आपणच मार्ग दाखवावा." त्याच सायंकाळीं माझी धाकटी बहीण, म्हणजे त्याची आई, घरीं आली आणि म्हणाली, "दादा, तो तुमचें ऐकतो. हें वेड सोड म्हणून त्याला सांगा. नऊ वर्षांचा नातू आहे त्या घरांत. भिक्षुकाच्या कुळांत बंदूक हवी कशाला?"

दोघांच्याही बोलण्यांत तथ्य होतें. प्रथम बहिणीच्या शंकेचा विचार केला. लक्ष्यवेध हा खेळ आहे, आणि तो आपल्या मुलखाला परका नाहीं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें ५० मीटर प्रोन रायफलींत जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तिन्ही आसनांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. श्वास आवरून, चित्त एकाग्र करून, एकच कृति शंभर वेळां तशीच करावयाची, असा हा अभ्यास आहे. त्याचें कुळाशीं वैर असण्याचें कारण नाहीं. परंतु नातवाविषयींची भीति ही शंका नव्हे, तें सत्य आहे. म्हणून भाच्याला लिहिलेल्या पत्राचें पहिलेंच कलम असें घातलें कीं, रायफलीच्या आधीं कुलुपाची लोखंडी पेटी घरांत आली पाहिजे. रायफल रिकामी करून पेटींत. काडतुसें निराळ्या जागीं, निराळ्या कुलुपांत. आणि किल्ल्या त्याच्या व सूनबाईच्या ताब्यांत, भिंतीवरील खुंटीला नव्हेत. टेक्ससच्या कायद्याप्रमाणेंही १७ वर्षांखालील मुलाच्या हातीं भरलेली बंदूक लागेल, अशी ती निष्काळजीपणें ठेवणें हा गुन्हा आहे.

दुसरें कलम कायद्याचें. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्या सर्व घरांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेंत राहणाऱ्यास, शिकारीचा चालू परवाना जवळ असणें यांसारखे थोडे अपवाद वगळतां, बंदूक घेणें अथवा बाळगणें हा तेथील मध्यवर्ती कायद्यानें गुन्हा आहे. कायम वास्तव्याचें कार्ड मिळालेल्यास ती आडकाठी नाहीं. भाच्याजवळ तें कार्ड आहे, याची खातरजमा झाल्यावरच मीं पुढें लेखणी चालविली.

आतां मूळ प्रश्न. रायफल "अचूक" आहे म्हणजे काय? दुकानदार सांगतो कीं, ही "एक मिनिटाची" रायफल आहे. हा मिनिट घड्याळांतला नव्हे, कोनाचा. आपल्या ज्योतिषग्रंथांतील "कला" ती हीच: वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला, एकूण २१६०० कला. आर्यभटानें ४९९ सालच्या आपल्या ग्रंथांत ज्या-सारणीसाठीं त्रिज्या ३४३८ कलांची धरली. यावरून सोपी त्रैराशिक मांडतां येते: ३४३८ हातांवर एक हात रुंदीची वस्तु एक कला व्यापते. शंभर यार्ड म्हणजे ३६०० इंच. त्यास ३४३८ नीं भागलें कीं, १.०४७ इंच येतो. अर्थात् शंभर यार्डांवर एक कला म्हणजे इंचाहून किंचित् अधिक. जी रायफल तेवढ्या वर्तुळांत पुनःपुन्हां गोळ्या टाकते, ती नवशिक्यास भरपूर झाली. मात्र तीन गोळ्यांचा पुंजका दाखवून कोणी फुशारकी मारील, तर तो प्रमाण मानूं नये. तीन गोळ्या दैवानेंही जवळ पडतात. पांच-पांचांचे तीन-चार पुंजके पाहावे.

भाच्याच्या मनांत ६.५ क्रीडमूर जातीची रायफल भरली होती. हें काडतूस २००७ सालीं निघालें. दूरच्या लक्ष्यासाठीं तें उत्तम आहे, वाऱ्याला फारसें बधत नाहीं. मीं उलट विचारलें, "तुझ्या गांवच्या मैदानाची लांबी किती?" उत्तर आलें, दोनशें यार्ड. मग हजार यार्डांचें काडतूस कशासाठीं? पहिल्या रायफलीचा खरा खर्च रायफलींत नसून काडतुसांत असतो. महिन्यांतून दोनदां जाऊन प्रत्येक वेळीं चाळीस गोळ्या झाडल्या, तर वर्षाच्या ९६० होतात. .२२३ रेमिंग्टनचें सामन्याच्या प्रतीचें काडतूस डॉलरच्या आसपास पडतें, क्रीडमूरचें त्याच्या दीड-दुपटीनें. म्हणजे वर्षाअखेर काडतुसांनीं रायफलीची किंमत मागें टाकलेली असते. शिवाय .२२३ चा धक्का सौम्य. धक्क्याला भिऊन डोळे मिटण्याची खोड एकदां लागली कीं, ती मोडावयास वर्षें जातात. ज्याची ऐपत याहून बेताची आहे आणि ज्याला शंभर यार्डांपलीकडे जावयाचें नाहीं, त्यानें सरळ .२२ रिमफायर घ्यावी. तिचें काडतूस कांहीं सेंटांत मिळतें आणि चाप ओढण्याचें शिक्षण तेंच मिळतें. एक सावधगिरीची सूचना: .२२३ व लष्करी ५.५६ हीं काडतुसें दिसावयास सारखीं असलीं, तरी ५.५६ चा दाब अधिक असतो. नळीवर केवळ .२२३ असा शिक्का असेल, तर तिच्यांत ५.५६ घालूं नये.

रायफल निवडतांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली, नळी दस्त्याला कोठेंही टेकलेली नसावी. नळी व दस्ता यांच्यामध्यें एक नोट सरकवून ती शेवटपर्यंत जाते कीं नाहीं तें पाहावें. टेकलेली नळी तापली कीं, गोळ्यांची जागा बदलूं लागते. दुसरी, चाप हलका व स्वच्छ सुटणारा असावा, वाळूंतून गाडी ओढल्यासारखा नसावा. तिसरी, नळींतील पीळ: .२२३ ला आठ इंचांत एक फेरा असला, तर जड व लांब गोळ्याही स्थिर जातात. बारा इंचांचा जुना पीळ हलक्या गोळ्यांपुरताच. चौथी, दस्ता खांद्यास लावून गाल टेकला असतां डोळा आपोआप दुर्बिणीच्या मध्यावर यावा. मान उंचवावी लागली, तर दस्त्यावर गालासाठीं उशी बांधावी. रुगर अमेरिकन, सॅव्हेज, जपानची होवा, फिनलंडची टिक्का हीं नांवें या वर्गांत नेहमीं निघतात. टिक्काचा बोल्ट लोण्यासारखा चालतो, पण तिच्या किंमतींत भाच्याची दुर्बीण बुडाली असती. नळीवरील खांचा, दस्त्यावरील चित्रविचित्र रंग, हा सर्व अलंकार आहे. त्यानें नेम सुधारत नाहीं.

दुर्बिणीविषयीं नवशिक्याची समजूत अशी असते कीं, जितकी मोठी दिसेल तितकी चांगली. हें खरें नव्हे. स्वस्त कांचेंतून पंचवीस पट मोठें केलेलें लक्ष्य धुक्यांत न्हाल्यासारखें दिसतें, आणि स्वतःच्या नाडीचे ठोके मात्र स्पष्ट दिसतात. दोनशें यार्डांस दहा-बारा पट पुरे. ४-१६×४४ असें लिहिलें असेल, तर चार ते सोळा पट मोठें दिसतें आणि पुढील भिंगाचा व्यास ४४ मिलिमीटर आहे, असें समजावें. खरी परीक्षा फिरकीची. फिरकीचा प्रत्येक टिचका पाव कलेचा असेल, तर शंभर यार्डांवर गोळी सुमारें पाव इंच हलली पाहिजे; दोन इंच खालीं लागत असेल, तर आठ टिचके वर. दुसरी पद्धत मिलरेडियनची: तींत दशांशाचा टिचका शंभर मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर. दोन्ही पद्धती चांगल्या. पण दुर्बिणींतील खुणा एका मापाच्या व फिरकी दुसऱ्या मापाची, अशी दुर्बीण कदापि घेऊं नये. ती शेरांत मोजून लिटरांत हिशेब ठेवण्यासारखी आहे. फिरकी खरी आहे का, हें पाहण्यासाठीं पांच गोळ्या मध्यावर झाडाव्या, मग वीस टिचके वर, वीस उजवीकडे, वीस खालीं, वीस डावीकडे असा चौकोन फिरून पुन्हां मध्यावर झाडाव्या. शेवटचा पुंजका पहिल्यावर येऊन बसला, तर दुर्बीण प्रामाणिक समजावी.

येथें एक जुनी गोष्ट सांगणें भाग आहे, कारण पुढील सल्ला तींतूनच निघाला. सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी शाळेच्या तुकडीचा अधिकारी असतांना एक नववींतला मुलगा शिबिराच्या निवडीसाठीं उतरला होता. २५ मीटरवर त्याचे पुंजके नेहमीं रुपयाएवढे येत. निवडीच्या दिवशीं त्याच्या गोळ्या वीतभर पसरल्या. सर्वांसमक्ष मी त्याला म्हणालों, "तुझें चित्त ठिकाणावर नाहीं," आणि यादींतून त्याचें नांव खोडलें. आठ दिवसांनीं त्याच रायफलीनें आणखी दोन मुलांच्या गोळ्या पसरल्या. मग तिच्या देखभालीवरील माणसानें ती उलटी करून पाहिली. दस्ता धरून ठेवणारे स्क्रू ढिले होते. तुकडी शिबिरास निघून गेली होती. मीं मुलाला बोलावून चूक कबूल केली. तो "असूं द्या, सर" म्हणाला. पण पुन्हां रायफलीच्या तासाला आला नाहीं.

म्हणून भाच्याला निक्षून लिहिलें: दुर्बीण बसविणारीं कडीं व खालची पट्टी यांवर पैसे वांचवूं नको, आणि स्क्रू अंदाजानें न आवळतां मापाच्या पान्यानें, कारखान्यानें सांगितलेल्या जोरानेंच आवळ. बसवितांना ओळंबा टांगून दुर्बिणींतील उभी रेषा त्याच्याशीं जुळव. डोळा व दुर्बीण यांमध्यें तीन-साडेतीन इंच अंतर ठेव, नाहीं तर धक्क्यानें भुंवई फुटते. आणि गोळ्या पसरल्या, तर स्वतःला दोष देण्यापूर्वीं एकदां स्क्रू पाहा.

पैशांची वांटणी शेवटीं अशी ठरली: रायफल ६००, दुर्बीण ४००, कडीं व पट्टी ८०, कुलुपाची पेटी १२०, कानांचीं व डोळ्यांचीं संरक्षणें ५०, वाळूच्या पिशव्या ५०, काडतुसें २००; एकूण १५०० डॉलर. चौकट मोडूं नये म्हणून दुकानांत हाच कागद घेऊन जाण्यास सांगितलें.

इकडील वाचकांस दोन शब्द. हा सल्ला जसाच्या तसा येथें लागू नाहीं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्रकायदा व २०१६ चे नियम आहेत. परवान्यावांचून रायफल घेतां येत नाहीं आणि लष्करी मापाच्या रायफली सामान्य नागरिकास वर्ज्य आहेत. घरांतील मुलामुलीला या खेळाची ओढ असेल, तर .१७७ इंची, २० ज्यूलच्या आंतील हवेच्या रायफलीनें १० मीटरवर आरंभ करावा. तिला परवाना लागत नाहीं. ऑलिंपिकच्या त्या प्रकारांत दुर्बीणही चालत नाहीं, तेव्हां तोही खर्च वांचतो. कुलुपाचें कलम मात्र हवेच्या रायफलीलाही तितकेंच लागू आहे.

गेल्या आठवड्यांत भाच्याकडून दोन छायाचित्रें आलीं. एकांत शंभर यार्डांवरील कागद होता. पांच गोळ्या, पुंजका सव्वा इंचाचा. पहिल्या दिवशीं तो तीन इंचांचा होता आणि, त्यानें लिहिलें, पुढच्या कड्याचा एक स्क्रू खरोखरच सैल निघाला. दुसऱ्या छायाचित्रांत भिंतीला बोल्टांनीं जखडलेली लोखंडी पेटी होती. बहिणीनें पहिलें चित्र हातांतही घेतलें नाहीं. दुसरें चष्मा लावून बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "काडतुसांची पेटी यांत कोठें दिसत नाहीं ती?" मीं तो प्रश्न त्याच रात्रीं भाच्याला कळविला आहे. उत्तर येईपर्यंत तिचें समाधान होणार नाहीं, आणि माझेंही नाहीं.