रंग आला, पुढे काय?



गेल्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी पाणी तपासणीच्या प्रशिक्षणाला बसले होते. अंगणवाडीत सतरंजीवर दहाबारा बायका, मध्ये एक पेटी. तिच्यात परीक्षानळ्या, रसायनांच्या छोट्या बाटल्या आणि रंगांचा तक्ता. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच स्त्रियांना ही तपासणी शिकवायची असे ठरले आहे. प्रशिक्षक भराभर सांगत गेले: इतके थेंब टाका, हलवा, रंग जुळवा, आकडा लिहा. हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड तपासण्याचे रसायन टाकले, तर ते गुलाबी न राहता पिवळे पडले. एक मावशी म्हणाल्या, "रंग त आला ताई, आता काय करू?" प्रशिक्षक म्हणाले, "फॉर्ममध्ये लिहा."

मला राग आला तो या उत्तराचा. पाणी पिवळे का पडले हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. त्या रसायनात झिर्कोनियम आणि एक रंगद्रव्य एकमेकांना धरून असतात, म्हणून ते गुलाबी दिसते. पाण्यातले फ्लोराइड झिर्कोनियमला स्वतःकडे ओढून घेते, रंगद्रव्य सुटे होते आणि पिवळे दिसू लागते. फ्लोराइड जितके जास्त तितका पिवळेपणा जास्त. जेवणाच्या सुट्टीत एवढे सांगितले, तर त्याच मावशींनी लगेच विचारले, "मग उकळलं त जाईन काय?"

जात नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट पाण्यातच राहतात. उलट वाफ होऊन पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. आणि आपण मात्र सभेसभेतून बायकांना "पाणी उकळून प्या" एवढेच सांगत आलो. मीही सांगितले आहे. सरपण तिने आणायचे, धूर तिने गिळायचा आणि तरीही मुलाचे दात तपकिरी पडले तर दोष तिच्याच चुलीला. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे फ्लोराइड 1 मिलिग्रॅमच्या आत हवे. दुसरे पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्याहून बरेच जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे आणि सांधे आखडतात. असे पाणी सुधारणे चुलीच्या आवाक्यातले नाही. दुसरा स्रोत किंवा शुद्धीकरण हवे, आणि ते देणे ग्रामपंचायतीचे व शासनाचे काम आहे.

पेनासारख्या टीडीएस मीटरबद्दलही बोलायला हवे. फिल्टर विकणारे तो पाण्यात बुडवतात आणि आकडा दाखवून बाईला घाबरवतात. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. फ्लोराइड किती ते त्याला कळत नाही, जंतू तर नाहीच. आकडा 200 आला तरी पाणी घाण असू शकते. जंतूंसाठी पेटीत वेगळी बाटली असते. तिच्यात पाणी भरून 24 ते 48 तास ठेवायचे. काळे पडले तर मैल्याचे जंतू असल्याचा संशय घ्यायचा.

त्या गावच्या हायस्कूलात प्रयोगशाळेचे कपाट आहे, त्याला कुलूप आहे. सामान फुटेल म्हणून. दहावीच्या मुलींनी लिटमसचा कागद फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. वर्गात गावच्याच विहिरीचे पाणी तपासले असते, तर रसायनशास्त्रही कळले असते आणि गावही.

आणखी एक. तपासणीच्या यादीत गावठाणातले चारही स्रोत होते, दलित वस्तीचा हातपंप नव्हता. "तिकडचं नंतर बघू," म्हणाले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला 1927 पासून किती वर्षे झाली ते मोजून पाहा.

पेटी हातात आली म्हणजे सत्ता आली असे आपण समजू नये. पेटीचा निकाल हा अंदाज असतो, प्रयोगशाळेतून त्याची खात्री करून घ्यावी लागते. तो नमुना कधी गेला, अहवाल कधी आला, हे तपासणाऱ्या बाईला कळले पाहिजे. तिला अहवालाची प्रत हवी, तिच्या दिवसाची मजुरी हवी आणि आकडे चावडीवर तिच्या नावानिशी लागायला हवेत.

त्या मावशींनी आकडा फॉर्ममध्ये लिहिला आणि घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवला. येत्या ग्रामसभेत त्या ते कॅलेंडर घेऊन जाणार आहेत, आम्ही सोबत असू. तुमच्या गावची पेटी कुणाच्या ताब्यात आहे, रसायनांची मुदत संपली आहे का, कुठला हातपंप यादीतून सुटला आहे, हे पाहून आम्हाला कळवा.