उपसर्ग की समास?

भाषाविज्ञानाच्या वर्गात इंग्रजी शब्दसिद्धीसाठी एक सोपी कसोटी सांगितली जाते : पूर्वपद स्वतंत्रपणे वापरता आले तर समास, नाही तर उपसर्गघटित शब्द. ‘ब्लॅकबोर्ड’ आणि ‘अनहॅपी’ यांपुरती ती चालते. ‘आउट’ आला की कोलमडते. ‘आउटहाउस’ म्हणजे मुख्य घराबाहेरची इमारत. येथे ‘बाहेर’ हा अर्थ शाबूत आहे, म्हणून हा समास. ‘आउटलिव्ह’ म्हणजे कोणापेक्षा अधिक काळ जगणे. येथे ‘बाहेर’ उरतच नाही. शिवाय एरवी बहुधा अकर्मक असणारे ‘लिव्ह’ सकर्मक होते. हे कार्य उपसर्गाचेच होय. उलट ‘जिऑग्रफी’चे दोन्ही घटक परतंत्र, एकाला उपसर्ग आणि दुसऱ्याला प्रत्यय म्हणावे, तर मूळ शब्द कोठे शोधावा?

वस्तुतः हा पेच आपल्या परंपरेस नवा नाही. पाणिनीने ‘प्र’ इत्यादींना उपसर्ग ही संज्ञा क्रियायोगातच दिली. महाविद्यालयात रोज कानी पडणाऱ्या ‘प्राचार्य’ या शब्दात तोच ‘प्र’ प्रादिसमासाचा घटक ठरतो. निर्णय घटकाच्या रूपावर नव्हे, त्याच्या संबंधावर होतो. तेव्हा ‘आउटलिव्ह’ला सकारण उपसर्गघटित म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापणे मला तरी न्याय्य वाटत नाही.