‘म्हणे’ हरवते तेव्हा

बातमी आणि गोष्ट यांच्यातली भिंत किती पातळ असते हे पाहायचे असेल, तर हेर जलचरांच्या बातम्या वाचाव्यात. सप्टेंबर २००५ मध्ये, कतरिना वादळानंतर, एका ब्रिटिश वृत्तपत्राने छापले की अमेरिकी नौदलाचे विषारी बाण मारणारे डॉल्फिन मेक्सिकोच्या आखातात मोकाट सुटले असावेत. नौदलाने इन्कार केला. वादळात खरोखर वाहून गेले होते ते गल्फपोर्टच्या मत्स्यालयातले, प्रेक्षकांसमोर उड्या मारणारे आठ डॉल्फिन. ते पुढे समुद्रातच सापडले.

अशा अफवांना निव्वळ थाप म्हणून सोडून देणे आम्हांला पटत नाही. अमेरिकी नौदल १९६० च्या सुमारापासून डॉल्फिनांना शिकवत आले आहे. २००३ साली इराकच्या उम्म कसर बंदरात सुरुंग शोधायला ते उतरवलेही होते. म्हणजे बीज खरेच असते. सुरुंग शोधणाऱ्या प्राण्याचा मारेकरी होतो तो मधल्या एखाद्या वाक्यात, आणि ते वाक्य तपासणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.

मराठीत ‘म्हणे’ हा मोठा प्रामाणिक शब्द आहे. ‘समुद्रात हेर मासे सोडलेत म्हणे’ असे कोणी धक्क्यावर बोलले, की माहिती ऐकीव असल्याची कबुली वाक्यातच मिळते. ऐकणारा विचारू शकतो, कोण म्हणे? छापील बातमीत त्या जागी ‘असे समजते’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ येते. कर्ता नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर शंकाही. पंचतंत्रातला स्थिरजीवी कावळा घुबडांच्या गोटात शिरून हेरगिरी करतो, पण तिथे वाचक फसत नाही. आपण गोष्ट आहोत हे गोष्टीने लपवलेले नसते.

या व्याकरणाची किंमत कोण देतो? आमच्या पनवेलहून खाडीपल्याड, चेंबूरच्या पीर पाऊ जेट्टीवर मे २०२३ मध्ये एक कबुतर पकडले गेले. पायांत कड्या, पंखांवर चिनी वाटणारी अक्षरे. ते तैवानचे शर्यतीचे कबुतर निघाले. तरीही परळच्या पशुरुग्णालयात आठ महिने अडकून पडले आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस सुटले. पोलिसांच्या संशयाला आम्ही हसणार नाही. २००८ साली मारेकरी समुद्रातूनच आले होते, आणि २०१६ मध्ये शेजारच्या उरणात शाळकरी मुलांच्या सांगण्यावरून नौदलाने शोध घेतला तो याच आठवणीमुळे. चौकशी व्हावीच. परंतु चौकशी म्हणजे प्रश्न, आणि मथळ्याने त्याचे उत्तर आधीच देऊन टाकायचे नसते.

उलट बाजूनेही पाहावे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून तिला समुद्रात सोडण्यात आले. हेतू एवढाच, की कासवे कुठे जातात ते कळावे. ती परक्या देशाच्या जाळ्यात सापडली असती, तर तिथल्या वृत्तपत्राने तिला काय म्हटले असते?

शिक्षक-मित्रांना आमची एक सूचना आहे. अलंकार शिकवून झाले की एखादी अशी बातमी वर्गात न्यावी आणि मुलांना प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधायला लावावा. जिथे तो सापडणार नाही, तिथे त्यांनी आपल्या हाताने ‘म्हणे’ लिहावे आणि बातमी पुन्हा वाचावी.