धक्क्यावरची तावेर्न वाचवू या

फेरी धक्क्याला लागते, पुढचा लोखंडी पाट धाडकन खाली पडतो, दुचाक्या एकामागून एक वर चढतात आणि चढण संपते तिथे एक बुटके कौलारू घर दिसते. दारावर पाटी असलीच तर रंग उडालेली. आत दोन बाकडी, एक जुने टेबल, भिंतीवर क्रूस किंवा गणपती, आणि फळीवर वेताच्या विणीत बसवलेला काचेचा मोठा गर्राफांव. गोव्यात नदीकाठी आणि मासेमारीच्या धक्क्यांवर अशा जागेला तावेर्न म्हणतात. शब्द पोर्तुगिजांनी दिला, जागा मात्र पाण्यावर पोट असलेल्या गोंयकारांनी घडवली. या जागा एकेक करून बंद पडत आहेत. ज्यांच्या मनात गोव्याविषयी काही आपुलकी आहे त्यांनी आता त्या वाचवायला पुढे यावे, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

तावेर्न आणि बार एक नव्हेत. बारमध्ये माणूस प्यायला जातो. धक्क्यावरच्या तावेर्नीत तो फेरीची वाट बघायला, भरतीची वेळ विचारायला, जाळे ओढायला दोन माणसे कमी पडताहेत हे सांगायला जातो, आणि तिथे बसल्यावर एक कोप, म्हणजे पेला, घेतो. कित्येक तावेर्नींच्या अर्ध्या भागात पसरा असे, म्हणजे किराणा: काडेपेटी, साखर, रॉकेल, सुंभ. मालकाला सगळे पात्रांव म्हणतात आणि पात्रांवही समोरच्याला पात्रांवच म्हणतो. कोण कोणाचा धनी, हा प्रश्न त्या उंबरठ्यावर सुटलेला असतो.

इथे सर्वांत जास्त हक्काने बसणारा माणूस म्हणजे तारवटी. तारू चालवतो तो तारवटी, आपला खलाशी. ब्रिटिश काळात पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या आगबोटींवर गोव्याचे आचारी, बटलर, वाढपी पिढ्यान्पिढ्या जात राहिले. बोट धरायला मुंबईला जावे लागे. तिथे उतरायला गावागावाचे कूड होते, धोबीतलावच्या जेर महालासारख्या इमारतीत गावच्या नावाने चालणारे. पेटी ठेवायला जागा, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, वर्षातून एकदा गावच्या संताचे फेस्त. मुंबईतल्या कूडांवर लोकांनी लिहिले, छायाचित्रे काढली. पण कूड हे त्या प्रवासाचे एक टोक. दुसरे टोक गावच्या नदीकाठी होते, तावेर्नीत. कोणती कंपनी माणसे घेते आहे, कोणत्या बोटीवर जेवण बरे मिळते, कोणाचा मुलगा कुठल्या बंदरात उतरला, ही सगळी खबर तिथे यायची. जायच्या आदल्या संध्याकाळी मित्र तिथे जमायचे. परत आलेला तारवटी घरी पेटी ठेवून पहिला तिथेच यायचा आणि नऊ महिन्यांचा समुद्र त्या बाकड्यावर बसून सांगायचा. आज क्रूझ जहाजांवर काम करणारी हजारो गोमंतकीय मुले त्याच परंपरेतली आहेत. २०२०च्या टाळेबंदीत त्यांतली कितीतरी जहाजांवर अडकून पडली, तेव्हा गावोगावचे जुने तारवटी त्यांच्या परतीची चौकशी करत कुठे बसले होते, हे त्या गावांना विचारा.

मासेमाराची गोष्ट वेगळी नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना समुद्र बंद असतो. होड्या शाकारलेल्या, जाळी उसवलेली, हातात पैसा नाही. अशा दिवसांत तावेर्नीची उधारीची वही जाड होते आणि ऑगस्टात पहिल्या मासळीबरोबर ती फिटत जाते. कागद नाही, व्याज नाही. एकमेकांना चेहऱ्याने ओळखणाऱ्या माणसांतच असा व्यवहार चालतो आणि त्या ओळखीला रोज भेटण्याची एक जागा लागते.

आणि फेणी. काजूची बोंडे कोळमीत, म्हणजे दगडी कुंडीत, तुडवून काढलेला रस आंबवून भाटीवर चढतो, पहिल्या धारेची हलकी हुर्राक चैत्र-वैशाखात पिऊन संपते, पुन्हा ऊर्ध्वपातन झाल्यावर फेणी होते. दक्षिणेत माडाची फेणी, रेंदेराने माडावर चढून काढलेल्या सुरेची. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे राज्य सरकारने तिला वारसा पेयाचा मानही दिला. याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या घरात ती गर्राफांवातून मापाने ओतली जाते, जिथे पिणाऱ्याला ती कुठल्या गावच्या कुठल्या भाटीची हे वासावरून कळते, त्या घराला कुठलेही मानांकन नाही. पेयाला वारसा म्हणायचे आणि त्याची जागा मोडू द्यायची, ही अर्धी राखण झाली. मूठभर जमिनीवर भाटी लावणारा माणूस सुंदर लेबलाची बाटली काढू शकत नाही. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे गावची तावेर्न. ती गेली की तोही गेला.

ती का जाते आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. पूल झाला की फेरी थांबते. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल झाला आणि फेरीची रांग इतिहासजमा झाली. पूल नकोत असे कोण म्हणेल? ५ जुलै १९८६ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बेतीच्या धक्क्यांवर पुन्हा माणसांचे लोंढे लोटले आणि पूल म्हणजे काय हे सर्वांना कळले. मात्र पुलासोबत धक्क्याचे काय करायचे याचा आराखडा कधीच येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. लहान वस्त्यांसाठी ते अंतर पुढे २२० मीटर झाले आणि नंतर आणखी सूट मिळाली. अपघात रोखण्याचा हेतू योग्यच होता, पण चिंचोळ्या गोव्यात मोठ्या हॉटेलवाल्याला वकील परवडला आणि एका गर्राफांवावर चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईला नाही परवडला. त्यात नदीकाठच्या जमिनीचा भाव वाढला, मुले परदेशी गेली. पणजीपाशी मांडवीत कॅसिनोंची जहाजे उभी आहेत आणि रात्रभर झगमगतात. गोव्याचा नदीकाठ म्हणजे हेच, असे पाहुण्याला वाटू लागले आहे.

व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी तावेर्न किती प्रेमाने चितारली! त्यांची चित्रे आज कपांवर, टी-शर्टांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर सर्वत्र आहेत. ज्या जागा पाहून ती काढली, त्या मात्र पाडल्या जात आहेत.

दारूने घरे बुडाली आहेत, हे मी विसरलेलो नाही. तारवटीचा पगार तावेर्नीत संपला आणि मुले उपाशी राहिली, अशी घरे मी माझ्या गावात पाहिली आहेत. त्या बायकांपुढे तावेर्नीचे गोडवे गाण्याची माझी छाती नाही. पण ओळखीच्या घरात पिणाऱ्याला 'आता पुरे, घरी जा' म्हणणारा पात्रांव असतो. तावेर्न बंद झाल्याने गावातली दारू बंद होत नाही. ती वाइन शॉपच्या काळ्या पिशवीतून धक्क्याच्या अंधारात जाते, आणि तिथे थांबवणारे कोणी नसते.

वाचवता येते, हे इतरांनी दाखवले आहे. स्कॉटलंडच्या नॉयडार्ट द्वीपकल्पावर इन्व्हेरी गावात 'द ओल्ड फोर्ज' नावाचा पब आहे. तिथे बाहेरून रस्ताच जात नाही. मॅलेगहून बोटीने जायचे, नाहीतर जवळपास २९ किलोमीटर डोंगर तुडवायचा. शिडाच्या होड्या घेऊन फिरणाऱ्यांचे ते आवडते ठिकाण. २०२२ मध्ये गावकऱ्यांनी पैसा उभा करून तो सामूहिक मालकीत घेतला. इंग्लंडमध्ये २०११च्या कायद्याने गावाला आपला पब 'समाजाची मालमत्ता' म्हणून नोंदवता येतो. मालकाने तो विकायला काढला, तर गावाला पैसे उभे करायला सहा महिन्यांची मुदत मिळू शकते.

आपल्याला हे अशक्य का वाटावे? सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण ओढणारे मासेमार, आपले नेते माथानी साल्ढाणांसोबत उभे राहिले आणि त्या लढ्यामुळेच १९८०चा सागरी मासेमारी नियमन कायदा गोव्याला मिळाला. तेव्हा त्यांच्याजवळ होड्या आणि एकी यांखेरीज काही नव्हते.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. धक्क्यांवरच्या जुन्या तावेर्नींची सरकारने गाववार नोंद करावी. एकाच खोलीत गावठी फेणी विकणाऱ्या तावेर्नीला मोठ्या बारच्या मापाने शुल्क लावू नये. तावेर्न विकायची वेळ आली तर पहिला हक्क गावच्या सहकारी संस्थेचा असावा, आणि परवाना त्या धक्क्यावरून उचलून दुसरीकडे नेता येऊ नये. जिथे पूल होईल तिथे जुना धक्का मोडू नये. होड्यांसाठी आणि बसण्यासाठी तो राखावा.

मुंबई-पुण्याहून गोव्याला जाणाऱ्यांना एक विनंती. एक संध्याकाळ किनाऱ्याऐवजी दिवाडीच्या किंवा बेतीच्या फेरीने पलीकडे जा. धक्क्यावरच्या तावेर्नीत बसा. पीत नसाल तर लिंबू-सोडा मागा, कोणी काही म्हणणार नाही. मोबाइल खिशात ठेवा, शेजारच्या म्हाताऱ्याचे ऐका, आणि जे घ्याल त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

आणि इंग्लंडमधल्या स्विंडनला, दुबईला, जहाजांवर असलेल्या माझ्या गोंयकार भावांनो, नाताळाला किंवा चतुर्थीला घरी याल तेव्हा पहिली संध्याकाळ तुमच्या धक्क्यावर घालवा. पात्रांवला विचारा, परवाना कोणाच्या नावावर आहे आणि तुमच्यानंतर कोण चालवणार. उत्तर 'कोणी नाही' असे आले, तर परतीची बोट धरण्याआधी ग्रामसभेत तो विषय तुम्हीच मांडा.