शिराझ आणि पाचवं नाक

क्लायंट डिनर. कुणीतरी रेड वाइन मागवतं. बॉस ग्लास गोल फिरवतो, त्यात नाक खुपसतो आणि गंभीरपणे म्हणतो, ''हं... पेपरी!'' टेबलावरच्या सगळ्या माना डोलतात. तुमचीही. मिरी मात्र तुम्हाला कुठेच सापडलेली नसते!

टेन्शन नको. शिराझमध्ये मिरीचा वास असतो, ही थाप नव्हे. काळ्या मिरीतलंच रोटुंडोन नावाचं द्रव्य शिराझमध्येही असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८मध्ये दाखवून दिलं. पण त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नव्हता. म्हणजे न येणारं नाक तुमचं असू शकतं. किंवा बॉसचं!

नावावरून फसू नका. शिराझ हे इराणमधलं शहर असलं, तरी हे द्राक्ष आग्नेय फ्रान्सचं. तिकडे त्याला सिरा म्हणतात. १८३२मध्ये जेम्स बझ्बीने युरोपातून ऑस्ट्रेलियात ज्या वेली नेल्या, त्यांत हीही होती. आज आपल्या नाशिकमध्येही शिराझ पिकते. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ हे त्यातलं ओळखीचं नाव.

आता चव. 'रेड वाइन रूम टेम्परेचरला प्या' हा सल्ला थंड देशातला. आपली रूम मे महिन्यात पस्तीस डिग्रीला असते! त्या तापमानाला शिराझमधलं अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी सगळं दबतं. म्हणून बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवा. सोळा ते अठरा डिग्री मस्त. ग्लास एक-तृतीयांशच भरा, दांडीला धरा, फिरवा आणि हुंगा. जांभूळ, लवंग, धूर... जे आठवेल ते. पुस्तकातली ब्लॅकबेरी तुम्ही कधी खाल्लीच नसेल, तर तिचं नाव कशाला घ्यायचं?

घोट लगेच गिळू नका. जांभळं खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, तसंच इथे होतं. हे टॅनिन, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. मटणाची चरबी आणि प्रथिनं ते मऊ करतात, म्हणून शिराझ आणि सुकं मटण ही जोडी सॉलिड जमते. झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत मात्र नको. अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं आणि बिचारी वाइन हरते.

एवढं करूनही आवडली नाही? तर बिनधास्त 'नाही आवडली' म्हणा. महागडी बाटली आवडलीच पाहिजे, असा कुठेही नियम नाही. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक घोट घेऊन बघा. हवा लागल्यावर आडदांड शिराझ बऱ्याचदा नरमते. आणि हो, घरी जाताना गाडीची चावी खिशातच राहू द्या. रिक्षा करा. चिअर्स!