हातात किती पडतात?



आपल्या मंडळातल्या दोघी पुढच्या महिन्यात परदेशी निघाल्यात. एक लेकीच्या बाळंतपणाला, दुसरी सहलीला. दोघींनाही मी विचारलं, "डॉलर कुठून घेताय?" दोघींचं उत्तर एकच: "ते हे बघतील."

मीही असंच म्हणाले होते. न्यूजर्सीला लेकीकडे निघाले तेव्हा मेथीचे लाडू, मुगाची पिठं, बाळाची झबली, सगळं स्वतः भरलं, बॅग दोनदा तोलून पाहिली. डॉलर मात्र बडनेरा स्टेशनवर ह्यांनी पाकिटात घालून हातात दिले. शंभराच्या ५ नोटा. "ओळखीच्या माणसाकडून घेतले, बँकेपेक्षा दीड रुपया स्वस्त." पावती नव्हती. मी विचारलीही नाही.

तिथे एका दुकानात बाळासाठी सामान घेतलं आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, आज पैसे मी देणार. काउंटरवरच्या मुलीने नोटेवर पेनाने रेघ ओढली, नोट उजेडाकडे धरली, मग दुसऱ्या बाईला बोलावलं. नोट खोटी होती. ती त्यांनी ठेवून घेतली. जावईबापूंनी मुकाट्याने कार्ड काढलं. गाडीत घरी पोचेपर्यंत कोणी बोललं नाही. ५०० डॉलरवर दीड रुपयाप्रमाणे वाचले ७५०, आणि शंभर डॉलर तर अख्खेच गेले. पैशाचं दुःख ओसरलं, पण जावयासमोर खालमानेने उभी राहिले ते अजून आठवतं.

त्या रात्री मला आमच्या आजेसासूबाई आठवल्या. त्यांचं माहेर हिंगोलीकडचं, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यातलं. तिकडे हाली सिक्का चालायचा, इकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला यायचं तर आधी हाली देऊन कलदार घ्यावे लागत. ७ हालीचे ६ कलदार हा त्यांचा तोंडपाठ हिशेब. सरकारी भावाने १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे तेच सातास सहा. बाई शिकलेल्या तिसरीपर्यंत, पण सराफ भाव सांगू लागला की म्हणायच्या, "तुझा भाव तुझ्यापाशी ठेव बापा, माह्या हातात किती पडतात ते सांग." मी बी.कॉम. झालेली, आणि मला डॉलरचा त्या दिवशीचा भावही माहीत नव्हता.

पैसे बदलताना जे कापलं जातं त्याला त्या बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागणं हे आपण रोज बोलतो, ते तिथलंच. आणि बट्टा आजही आहे, फक्त पाटी बदलली. 'कमिशन शून्य' असं लिहिलेलं दिसलं की आपण खूश. अगं, कमिशन भावातच असतं! समजा बाजारात डॉलर ९० रुपये आहे. तो तुम्हाला विकणार ९३.५० ला, आणि तुमच्याकडून परत घेणार ८६.५० ला. ५०० डॉलर घ्यायला ४६,७५० रुपये गेले. सहल रद्द झाली म्हणून तसेच्या तसे परत केले तर हातात ४३,२५०. एका पैशाचं कमिशन न घेता ३,५०० रुपये गेले की नाही? विमानतळावर तर हे अंतर बहुधा आणखी रुंद असतं, म्हणून तिथे घ्यायची वेळ येऊच देऊ नये. वर जीएसटी असतो, पण तो किरकोळ: १ लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या १ टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे इथे साधारण ८४ रुपये. त्याला घाबरून पावती टाळणं हा शुद्ध वेडेपणा.

आमचं घर कापसाचं. जेवताना पुरुषमंडळी तिकडचा पौंडामागे किती सेंट आणि इकडचा खंडीचा भाव यांची जुळणी करत बसतात, आणि आपण पोळ्या वाढतो. ३० वर्षं मी हे ऐकलं, पण त्याचा माझ्या पाकिटाशी संबंध आहे असं कधी वाटलं नाही. चूक ह्यांची होती तेवढीच माझीही.

ओळखीच्या माणसाची सवय का लागली, तेही कळतं. १९७३ च्या फेरा कायद्याच्या दिवसांत डॉलर मिळणं म्हणजे दिव्य होतं. आता तसं काही राहिलेलं नाही. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नोटा मिळतात, बाकीचे कार्डावर. पासपोर्ट, पॅन, तिकीट घेऊन परवानाधारक दुकानात किंवा बँकेत जायचं. रक्कम ५० हजारांच्या वर असेल तर रोख चालत नाही, खात्यातून द्यायची. इतकंच. तरीही आपल्याकडे अजून पाकिटं फिरतात, आणि फिरवणारे स्वाध्यायाला पुढच्या रांगेत बसलेले असतात. राग येईल कोणाला, येऊ दे. अचौर्य अणुव्रताच्या ५ अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे आणि प्रतिरूपकव्यवहारही आहे. दशलक्षणात दरवर्षी ऐकतो. राज्याचा नियम ओलांडणं आणि खोट्याला खरं म्हणून चालवणं, दोन्ही माझ्या त्या एका पाकिटात होतं.

कार्डाचीही एक गंमत. परतताना दुबईला थांबलो. खजूर घेतले, तर मशीनने विचारलं, रुपयांत देता की दिरहममध्ये? आपले रुपये बरे, म्हणून मी झटकन ते दाबलं. घरी आल्यावर लेकीने फोनवर समजावलं की रुपये निवडले की भाव त्या मशीनवाल्याचा लागतो, आणि तो महागच असतो. नेहमी तिथलं चलन निवडायचं. हा बट्टा मी स्वतःच्या बोटाने लावून घेतला.

उरलेले १४० डॉलर वर्षभर देवघराच्या कपाटात पडून होते. नियम असा की परत आल्यावर १८० दिवसांत उरलेल्या नोटा द्याव्या लागतात. २,००० डॉलरपर्यंत स्वतःजवळ ठेवता येतात, त्यामुळे माझं ठेवणं नियमात होतं. पण परिग्रह-परिमाण लिहिताना सोनं लिहिलं, ठेवी लिहिल्या, हे १४० मी मोजलेच नव्हते. आणि त्यातली एखादी नोट खोटी नसेल कशावरून? दुकानात न्यायची हिंमत होईना. शेवटी ह्यांना म्हटलं, ज्यांच्याकडून आणलेत त्यांनाच परत करा. गेले, पण दोन दिवस घरात अबोला होता.

मंडळातल्या त्या बाळंतपणाला निघालेल्या सखीला मंगळवारी घेऊन गेले. तिने फोनवर आधी बाजारभाव पाहून ठेवला होता. आम्ही तीन ठिकाणी विचारलं. पहिल्याने लगेच भाव सांगायला सुरुवात केली, तशी ती म्हणाली, "दादा, ५० हजार दिले तर सगळं कापून हातात किती डॉलर पडतात?" तो थांबला आणि कॅल्क्युलेटर काढला. तिसऱ्या ठिकाणी पहिल्यापेक्षा ९ डॉलर जास्त मिळत होते. तिथे घेतले. शंभराच्या कमी, वीसच्या जास्त, आणि पावती नीट घडी करून पासपोर्टात.